सातव्या तव्यावरची चंद्रकोर

१

वेफरवर चंद्रकोर उगवली होती.

वेफर म्हणजे जेवणाच्या ताटाएवढी गोल, आरशासारखी गुळगुळीत सिलिकॉनची चकती, जिच्यातून पुढे संगणकाच्या चिप कापतात. दिव्याखाली तिरकी धरली की तिच्यावर चढवलेल्या थराचा मोरपंखी रंग पसरतो, आणि तो काठापर्यंत सारखा पसरायला हवा. इथे मात्र एका कडेला फिकट पिवळी कोर होती, कुणी नखाने ओढल्यासारखी. जिथे कोर, तिथला थर पातळ. तिथली एकही चिप जगायची नाही. अशा सहा पेट्या, पेटीत पंचवीस. दीडशे वेफर्स आणि सगळ्यांवर एकाच जागी तीच कोर.

"हा चंद्र काही मावळत नाही," तपासणीबाई म्हणाल्या.

मुख्य कचेरीने त्यांना पाठवलं होतं. त्या कधीच आवाज चढवत नसत, म्हणून कारखान्यात पाठीमागे त्यांना 'थर्मामीटर' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. नाव चपखल बसलं आहे, असंही वाटायचं. दुसऱ्याचा ताप सांगायचा, आपला कुणी विचारत नाही.

विभागाच्या साहेबांनी तयार अहवाल पुढे सरकवला. "सगळं लिहिलंय, मॅडम. उद्या संध्याकाळपर्यंत तुमची सही झाली की संपलं. सात नंबरचा तवा."

तवा म्हणजे थर चढवणाऱ्या बंद यंत्राच्या पोटातली ती गरम बैठक, जिच्यावर वेफर निजते. कागदोपत्री तिचं नाव लांबलचक आहे, पण सगळे तवाच म्हणतात. तिच्यात तापवणारे चार भाग, एक मधोमध आणि तीन भोवती, आणि प्रत्येकाचा ताप सांगणारा एकेक सेन्सर. चौघांनी साडेतीनशे अंशांवर एकसारखं तापायचं. एका अंगाला दोन अंश कमी पडले तरी थर तिथे रुसतो.

"तिसऱ्या भागाचा सेन्सर मास्तरांनी शेवटच्या दुरुस्तीत काढून पुन्हा नीट बसवला नाही," साहेब म्हणाले. "आजारी होते. हात कापायचा. माणूस देव होता हो, पण आता गेलेल्याला काय त्रास होणार?"

मास्तर म्हणजे इथले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. कारखान्यातले निम्मे लोक त्यांच्याकडूनच हातात पाना धरायला शिकले. शिकाऊ लोकांच्या वर्गाला त्यांचं नाव द्यायचं ठरलं होतं. 'मास्तरांची खोली' अशी पाटीही तयार होऊन आली होती. बाईंनी ती येतानाच पाहिली होती, जिन्याखाली, भिंतीकडे तोंड करून उभी.

"दुरुस्ती कधी झाली?"

"नऊ तारखेला. सोळाला मास्तर गेले."

"आणि पहिली कोर?"

"तेवीसला."

"म्हणजे नऊपासून बावीसपर्यंत वेफर्स चांगल्या निघाल्या. बसवताना चूक झाली असती, तर दहालाच दिसली असती."

साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला, खाली ठेवला. "हळूहळू ढिलं झालं असेल."

"ढिलं हळूहळू होतं, साहेब. ही कोर एका दिवसात उगवली आहे. बावीसला नव्हती, तेवीसला पुरी होती." बाईंनी अहवाल मिटला. "कुणीतरी काहीतरी बदललं. मला आतली नोंद हवी."

२

आत जायचं तर डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा चढवावा लागतो. माणसाचे फक्त डोळे उरतात. चेहरा नाही, म्हणून तिथे एकमेकांना चालीवरून ओळखतात. दारावरची सूचना बाईंनी वाचली: घाम आणि अश्रू यांतलं मीठ चिपला मारक आहे, डोळे भरून आल्यास ताबडतोब बाहेर यावे.

"ही बाबांनीच लावायला लावली होती," सोबतची मुलगी म्हणाली. मास्तरांची लेक. सात नंबरच्या रांगेची इंजिनिअर. "म्हणायचे, रडायचं ते बाहेर, आत फक्त काम."

तिचे डोळे कोरडे होते. फार वेळ कोरडे ठेवलेले डोळे जसे दिसतात, तसे. चालताना डावा पाय ती किंचित ओढत होती.

"लागलंय का?"

"नाही. चालच तशी. बाबांकडून आलीय."

सात नंबरच्या पडद्यावर चार आकडे होते. साडेतीनशे, साडेतीनशे, साडेतीनशे, साडेतीनशे.

"बघा," लेक म्हणाली, "चारही ठीक आहेत. पुस्तकात जसं सांगितलंय, अगदी तसं. कुठेही वर-खाली केलेलं नाही."

"म्हणूनच मला भीती वाटते," बाई म्हणाल्या. "वेफर सांगते थंडी वाजतेय, आणि पडदा सांगतो सगळे उबेत आहेत. दोघांतलं एक खोटं बोलतंय. खरं काय ते कशाने मोजता इथे?"

"मोजणीची वेफर असते. तिच्या अंगातच सेन्सर असतात. तव्यावर ठेवली की जागोजागचा खरा ताप कळतो. पण ते काम बाबा करायचे. रविवारी दुपारी, रांग बंद झाल्यावर. मी कधी बघितलं नाही. आमची सगळी पिढी पडद्यावरची."

बाहेर आल्यावर संगणक विभागाची यादी बाईंच्या टेबलावर पोहोचली होती. पडद्यावर फक्त बदल करणाऱ्याचं नाव दिसतं, तारीख आणि वेळ आतल्या नोंदीत जाते. एवढ्यात सात नंबरवर एकच बदल झाला होता. तिसऱ्या भागाला कुणीतरी कधीकाळी दोन अंश जास्त दिलेले होते. ते काढून शून्य केलेले. कारणाच्या चौकोनात काही नाही. बदल करताना टेकवलेलं ओळखीचं कार्ड मास्तरांचं.

तारीख बावीस, रविवार. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं.

मास्तरांना जाऊन तेव्हा सहा दिवस झाले होते.

३

"भुताटकी," साहेब म्हणाले, आणि स्वतःच्याच शब्दाने दचकले. मग म्हणाले, "त्यांचा जोडीदार. त्यालाच विचारा. शेवटी शेवटी दोघांचं बोलणंही नव्हतं."

जोडीदाराला सगळे भाऊ म्हणत. एकवीस वर्षं मास्तरांच्या खांद्याला खांदा लावून काम केलेला माणूस. आता त्याने बदली मागून घेतली होती, दुसऱ्या टोकाला.

"का मागितलीत?"

भाऊने चहाचा कप दोन्ही हातांत धरला. "सात नंबरकडे पाठ केली की दिवस जातो, मॅडम. तोंड केलं की जात नाही."

"भांडण कशावरून?"

"त्याच दोनावरून." तो कपात बघत राहिला. "चार वर्षांपूर्वी सातचा तवा बदलला. नवा आला, आणि महिन्याभरात मास्तरांनी तिसऱ्या भागाला दोन अंश वाढवून दिले. मी म्हटलं, पुस्तकात नाही ते करू नका, कधीतरी अंगाशी येईल. ते म्हणाले, पुस्तक लिहिणाऱ्याने हा तवा पाहिलाय का? मी म्हटलं, तुमचं वय झालं. असं म्हणालो मी. तोंडावर."

"आणि मग?"

"मग ते आजारी पडले. हात कापायला लागला. मी रोज ठरवायचो, आज बोलू. एकवीस वर्षं एका डब्यात जेवलेली माणसं आम्ही, बोलायला एवढी घाई कसली, असं वाटायचं." त्याने कप खाली ठेवला, चहा तसाच. "ते दोन अंश अजून तिथे असतील ना? त्यांच्यामुळेच घोटाळा झाला का हो?"

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. भाऊचा चेहरा उघडा होता, आणि त्यावर प्रश्न खरा होता. आकडा पुसला गेला आहे, हे या माणसाला माहीत नव्हतं.

"मास्तरांचं कार्ड कुठे असेल?"

"घरी. त्यांचं सामान मीच खोक्यात भरून नेऊन दिलं. चष्मा, डबा, कपाटातला गणवेशाचा शर्ट, त्याला लावलेलं कार्ड." तो उठला, पुन्हा बसला. "तुम्ही मास्तरांना ओळखत नव्हता, मॅडम."

"नाही."

"मग कसं कळणार तुम्हाला?" असं म्हणून तो निघून गेला. टेबलावर त्याच्या कपाखाली ओलं वर्तुळ उमटलं होतं.

४

मास्तरांचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. दार मास्तरांच्या पत्नीने उघडलं, हातावर ओलं फडकं होतं. "या, बसा. लेक सांगून गेलीय, कुणीतरी येतील म्हणून. चहा टाकते."

"नको, आत्ताच झाला."

"असं सगळेच म्हणतात. तरी पितात."

चहा आला. खुंटीवर शर्ट होता, निळ्या पट्ट्यांचा, दोन खिशांचा. तपासणीबाईंनी तिकडे पाहिलं तशा मास्तरांच्या पत्नी म्हणाल्या, "धुवायला मन होत नाही. भाऊंनी खोकं आणलं त्या दिवशी अडकवला तो तसाच. मी हातसुद्धा लावलेला नाही."

"मुलीने?"

"ती तर तिकडे बघतच नाही. जेवायला बसते तीही पाठ करून."

मग इकडचं तिकडचं निघालं. मास्तर डावखुरे होते. मास्तर भाजी फार बारीक चिरायचे. मास्तर गायचे.

"काय गायचे?"

"स्वतःच रचायचे काहीबाही. आईच्या जात्यावरच्या ओव्या ऐकून वाढलेले ना. शेवटच्या काही वर्षांत एकच धरलं होतं." त्या हसल्या. मग अगदी हळू, चुलीलाही ऐकू जाऊ नये असं म्हणाल्या:

"चौघी बहिणी बसल्या, एका ताटाला गोल गं
थोरली बसे मधोमध, तिचा खराच बोल गं
दुसरी मागून घेते, चौथी रडून घेते गं
तिसरी म्हणे पोट भरलं, उपाशीच ती उठते गं
तिला नका गं विचारू, तिच्या पानात वाढा गं
दोन घास वरती घालून, मगच ताट ते काढा गं"

"आम्ही चौघी बहिणी," त्या म्हणाल्या. "मी तिसरी. मला वाटायचं, माझीच टवाळी चाललीय. मी म्हटलंही, लग्नाला एकतीस वर्षं झाली, मी अर्धपोटी उठते हे आत्ता दिसलं होय? तर नुसते हसले. पण गाणं झालं की खरंच माझ्या पानात वाढायचे. हात कापायचा, अर्धं खाली सांडायचं, तरी वाढायचे."

फडकं डोळ्यांपर्यंत गेलं आणि परत आलं.

"हे गाणं केव्हापासून?"

"झाली असतील चार वर्षं."

तपासणीबाईंनी कप खाली ठेवला आणि शर्टापाशी गेल्या. उजव्या खिशाच्या काठावर कापड झिजून तुकतुकीत झालं होतं. डावखुरा माणूस, डाव्या हाताने सहज निघावं म्हणून उजव्या खिशावर कार्ड लावणारा. वर्षानुवर्षं त्याच जागी चिमटा बसलेला.

कार्ड डाव्या खिशावर होतं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकापाशी भाऊ उभा होता. रात्रभर जागलेला चेहरा, काखेत फुगलेला लिफाफा.

"मी चोर आहे, मॅडम," तो म्हणाला. "खोक्यात सगळं भरलं, हे नाही भरलं. घरी नेलं."

लिफाफ्यात कागद होते. चार वर्षांचे रविवार, दोनशेच्या वर. प्रत्येक कागदावर चार गोल काढलेले, आणि गोलात दोन-दोन आकडे: पडदा काय म्हणतो, आणि मोजणीची वेफर काय म्हणते. पहिल्या वर्षीचे आकडे ठसठशीत होते. शेवटच्या काही कागदांवर रेघा लाटांसारख्या थरथरत होत्या.

"का दडवलेत?"

"पुस्तकाबाहेरचं केल्याचा हा पुरावाच की. वाटलं, कुणाच्या हाती लागला तर मेलेल्या माणसाचे वाभाडे काढतील."

"वाचलेत का?"

"हिंमत नाही झाली. अक्षर बघितलं आणि बंद केले."

बाईंनी सगळ्यात खालचा कागद काढला. "हा पहिला रविवार. पडदा चारही ठिकाणी साडेतीनशे सांगतो. वेफर सांगते, तिसऱ्या भागात तीनशे अठ्ठेचाळीसच. नव्या तव्याचा तिसरा सेन्सर जन्मापासून दोन अंश चढवून बोलतो, भाऊ. प्रत्यक्षात थंड असतो आणि सांगतो मी तापलो. यंत्र त्याच्यावर विश्वास ठेवतं आणि आच कमी करतं. आता हा दुसरा रविवार. मास्तरांनी दोन वाढवून दिले. वेफर काय म्हणते?"

भाऊने वाचलं. चारही ठिकाणी साडेतीनशे.

"पुढचे दोनशे रविवार असेच आहेत. हात कापत होता तेव्हाही. तुम्ही दडवलात तो गुन्ह्याचा पुरावा नव्हता. मास्तर बरोबर होते, याचा पुरावा होता."

भाऊ फाटकाच्या दगडावर बसला. येणारे-जाणारे लोक त्याला वळसा घालून आत जात होते.

"मग दोन काढले कुणी?" त्याने वर बघून विचारलं.

बाईंकडे उत्तर कालपासून होतं आणि ते कुठे ठेवावं ते समजत नव्हतं. कार्ड घरात होतं. ते कुणीतरी काढून नेलं, आणि घाईत चुकीच्या खिशावर परत लावलं. घरात माणसं दोनच. त्यातली एक कारखान्याच्या दारातूनही कधी आत गेलेली नव्हती. दुसरीला तवा ठाऊक होता, पडदा ठाऊक होता. रविवार मात्र ठाऊक नव्हता.

६

सात नंबरपाशी लेक होती. भाऊने मोजणीची वेफर डबीतून काढून तव्यावर निजवली होती आणि तो मागे सरून उभा होता. पडद्यावर तव्याचा नकाशा उमटला. सगळा हिरवा, आणि एका कडेला निळी कोर.

"बावीस तारखेला," बाई म्हणाल्या, "दुपारी तीन वाजता तू इथे होतीस."

झग्यातून फक्त डोळे दिसत होते. ते हलले नाहीत.

"हो."

"कार्ड बाबांचं का?"

"दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाची माणसं तपासणीला येणार होती." ती पाठ केलेला धडा म्हणावा तशी बोलत होती. "मी सगळे आकडे बघत होते. तिसऱ्या भागाला दोन. पुस्तकात शून्य. मला वाटलं, बाबांची चूक राहून गेलीय. त्यांचा हात कापत होता, मला वाटलं आकडाही कापरा असेल. लोक म्हणतील, म्हातारा शेवटी भरकटला होता. म्हणून मी ते पुसलं. त्यांच्याच कार्डाने, म्हणजे कुणी पाहिलं तर दिसावं की त्यांनी स्वतःच जाताजाता निस्तरलं. पडद्यावर तारीख दिसत नाही, मला वाटलं कुणाला कळायचं नाही."

"आणि कोर आल्यावर?"

"मी पुस्तकाप्रमाणेच तर केलं होतं. मला वाटलं, मग सेन्सर बसवतानाच चुकले असतील. म्हणजे साहेब म्हणतात तेच खरं." आवाज पहिल्यांदा चिरकला. "मीसुद्धा तेच मानलं. त्यांच्या लेकीने."

बाईंनी रविवारचे आकडे तिला सांगितले, पहिल्याचे आणि दुसऱ्याचे. मुलगी नकाशातल्या निळ्या कोरीकडे बघत होती.

"तिसरी उपाशी उठते," ती पुटपुटली. "मला वाटायचं ते आईचं आहे."

"आईचंही असेल," बाई म्हणाल्या. "अहवाल मला नव्याने लिहायचाय. मास्तरांची चूक नाही, असं लिहिणार. मग कुणाची, तेही लिहावं लागेल. भाऊंच्या कागदांचंही."

"लिहा. नोकरी राहो न राहो." तिने आपलं कार्ड काढलं. "एवढं मला करू द्या. या वेळी माझ्या नावाने."

कार्ड टेकवलं. तिसऱ्या भागासमोर तिने दोन लिहिले. बोट कारणाच्या चौकोनापाशी आलं. तो चौकोन मास्तरांनी चार वर्षांपूर्वी रिकामा सोडला होता, आणि बावीस तारखेला तिनेही. आता तिने तो सावकाश भरला.

सगळे थांबले. तवा घाईने तापत नाही. निळी कोर आधी कडेने विरघळू लागली, मग पोटातून. सातव्या मिनिटाला नकाशा पुरा हिरवा झाला, काठापासून काठापर्यंत एक रंग.

मुलीचे डोळे भरून आले. तिने झटकन मान वर केली, छताकडे, एकही थेंब खाली येऊ नये म्हणून. आणि तशीच, मान वर धरून, दाराकडे चालायला लागली. डावा पाय किंचित ओढत.

रांगेतल्या यंत्रांपाशी वाकलेली पांढरी डोकी एकेक करून वर झाली. चेहरे नव्हतेच. पण ती चाल त्या सगळ्यांनी वर्षानुवर्षं पाहिली होती, आणि ती दारापलीकडे जाईपर्यंत कुणी पुन्हा खाली वाकलं नाही.

भाऊही तिच्यामागे बाहेर गेला. थोड्या वेळाने जिन्याखालून लाकूड सरकल्याचा आवाज आला. पाटी फिरवली जात होती.

तपासणीबाई पडद्यासमोर एकट्याच राहिल्या. ज्या माणसाला कधी पाहिलं नाही, त्याचा हात आता त्यांना ओळखता आला असता. त्यांनी शेवटची नोंद वाचली. तिसरा भाग, दोन अंश जास्त. नाव लेकीचं. कारण:

'तिला विचारू नका. वाढा.'